जुन्या जीपच्या इंजिनातील ‘टकटक’

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालेली जुनी जीप आंबेनळी घाटाच्या पहिल्या वळणांना लागते, तेव्हा तिच्या आवाजात काही बदल झाला आहे हे चालकाच्या आधी मागे बसलेल्यांच्या लक्षात येते. बॉनेटखालून ‘टक-टक-टक’ असा कोरडा आवाज येऊ लागतो. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की तो वाढतो आणि उतारावर पाय सैल केला की जवळजवळ नाहीसा होतो. काही दिवसांनी त्यात धुराच्या वासाची भर पडते. पावसाळ्यात ताडपत्रीचे पडदे खाली सोडले की डोळे चुरचुरतात, डोके जड होते. ‘जुनी गाडी आहे, असायचेच’ असे म्हणून हे सारे सोडून दिले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष एका लहानशा आणि स्वस्त वस्तूत असतो. एग्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि इंजिनाचे हेड यांच्यामध्ये बसणारी गॅस्केट, मेकॅनिकच्या भाषेत ‘पॅकिंग’, तिथे फाटलेली किंवा जळालेली असते.

रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागातील महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत हा विषय केवळ हौशी वाहनप्रेमींचा नाही. सह्याद्रीच्या कुशीतील येथील वाड्या-वस्त्यांपर्यंत आजही जुन्या जीप माणसे, गॅसचे सिलिंडर, भाताची पोती आणि आजारी माणसे घेऊन चढतात. मुंबई-पुण्याहून रायगड, प्रतापगड किंवा शिवथरघळीकडे जुनी ‘फोर बाय फोर’ गाडी घेऊन येणाऱ्यांची संख्याही कमी नाही. त्यामुळे हे पॅकिंग नेमके काय काम करते, ते का जळते आणि बदलताना कोठे चूक होते, हे समजून घेणे दोघांच्याही उपयोगाचे आहे.

मॅनिफोल्डचे काम

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये इंधन जळाल्यानंतर उरलेला तप्त वायू एग्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. चार सिलिंडरचे चार झोत एकत्र करून एका नळीत सोडणारा ओतीव लोखंडाचा जो भाग इंजिनाला बोल्टने जोडलेला असतो, तो एग्झॉस्ट मॅनिफोल्ड. त्यापुढे सायलेन्सरचा पुढचा पाइप, सायलेन्सर आणि शेवटी मागची नळी असा हा मार्ग असतो.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांमागे एकदा धूर बाहेर टाकतो. इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी फिरत असेल, तर मॅनिफोल्डमध्ये मिनिटाला चार हजार, म्हणजे सेकंदाला सुमारे ६७ झोत येऊन आदळतात. चढावर भार घेऊन चालणाऱ्या डिझेल इंजिनात या वायूचे तापमान पाचशे ते सातशे अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. पेट्रोल इंजिनात ते याहूनही अधिक असते. एका बाजूला हा धगधगता मॅनिफोल्ड आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने थंड ठेवलेले, शंभर अंशांच्या आसपास राहणारे हेड. या दोहोंमधील सांधा बंद ठेवण्याची जबाबदारी जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीच्या पॅकिंगवर असते.

लोखंड तापले की प्रसरण पावते, हे शाळेत शिकलेले तत्त्व येथे अगदी डोळ्यांना दिसेल इतके मोठे होते. अर्धा मीटर लांबीचा ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड साडेचारशे अंशांनी तापला, तर त्याची लांबी सुमारे अडीच मिलिमीटर वाढते. हेड त्या मानाने फारच कमी वाढते. म्हणजे गाडी सुरू होऊन घाट चढेपर्यंत मॅनिफोल्ड पॅकिंगवरून सरकतो आणि थंड होताना पुन्हा मागे येतो. मॅनिफोल्डच्या दोन टोकांना हे सरकणे सर्वाधिक असते. म्हणूनच पॅकिंग बहुधा पहिल्या किंवा शेवटच्या सिलिंडरपाशी आधी जाते आणि स्टडही तेथेच आधी तुटतात.

घाटवाटांचा जाच

ही घसरण सर्वच गाड्यांत होते. मग डोंगराळ भागात पॅकिंग लवकर का जातात? त्याचे उत्तर येथल्या भूगोलात आहे. पोलादपूर सावित्री नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून फारशा उंचीवर नाही. तेथून सुमारे ४० किलोमीटरवरचे महाबळेश्वर मात्र साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच आहे. एवढी चढण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, भरलेल्या गाडीने चढताना इंजिन दीर्घकाळ पूर्ण भार घेते. मॅनिफोल्ड लालसर होण्याइतका तापतो. परतीच्या उतारावर पाय अॅक्सिलरेटरवरून निघतो, इंजिन ब्रेकचे काम करते आणि मॅनिफोल्डमधून जवळजवळ थंड हवाच वाहू लागते. सपाट रस्त्यावर दिवसाकाठी एकदा होणारे तापणे-निवणे येथे एका फेरीत अनेकदा होते.

उंचीचाही परिणाम आहे. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ टक्केच असतो. टर्बो नसलेल्या जुन्या डिझेल इंजिनाला तेथे हवा कमी मिळते, पण पंप जवळपास तेवढेच डिझेल सोडत राहतो. ज्वलन अपुरे होते, काजळी वाढते आणि गळतीच्या जागेभोवती काळे पट्टे दिसू लागतात.

तिसरे कारण पाऊस. या पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने दमट हवा, चिखल आणि ओढ्यांचे पाणी यांत वावरणाऱ्या गाडीचे स्टड आणि नट गंजून एकजीव होतात. तापलेल्या मॅनिफोल्डवर अचानक थंड पाणी उडाले तर ओतीव लोखंडाला तडाही जाऊ शकतो. २०२१च्या जुलैमध्ये महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले, तेव्हा असंख्य वाहने बुडाली. अशा बुडालेल्या गाड्यांची इंजिने दुरुस्त होतात, पण मॅनिफोल्डच्या सांध्यात शिरलेला गाळ आणि गंज पुढे कित्येक महिन्यांनी आपला प्रताप दाखवतो.

आणखी एक कारण बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. सायलेन्सरला आधार देणारा रबरी हँगर तुटला किंवा इंजिनाचे माउंटिंग बसले, तर संपूर्ण पाइपचे वजन आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका मॅनिफोल्डवर येतो. अशा गाडीत कितीही उत्तम पॅकिंग घातले तरी ते काही महिन्यांत पुन्हा जाणार. त्यामुळे पॅकिंग वारंवार जळत असेल, तर आधी गाडीखाली वाकून हँगर पाहावा.

गळती ओळखायची कशी?

या दोषाचा आवाज टॅपेटच्या आवाजाशी इतका जुळतो, की अनेकदा टॅपेट विनाकारण सेट केले जातात. त्यामागे साधे गणित आहे. इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर ‘आयडलिंग’ करीत असेल, तर एका सिलिंडरचा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह मिनिटाला चारशे वेळा उघडतो. टॅपेटही तेवढ्याच वेळा ठोका देतो. दोन्ही आवाज सेकंदाला साधारण सहा-सात टकटकी इतकेच असतात. डिझेल गाडीत इंजेक्टरचा ठोकाही याच वेगाचा असतो. त्यामुळे वेगावरून फरक कळत नाही. तो वागणुकीवरून कळतो.

पॅकिंगची गळती सकाळी थंड इंजिनात अधिक ऐकू येते. धातू तापून फुगला की फट मिटते आणि आवाज कमी होतो. भार पडताच तो पुन्हा वाढतो. टॅपेटचा आवाज भाराने फारसा बदलत नाही. हातभर लांबीची रबरी नळी घेऊन तिचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे टोक, फॅन व पट्ट्यापासून लांब ठेवून, मॅनिफोल्डच्या सांध्यावरून फिरवावे. गळतीपाशी ‘फुस्स’ असा आवाज स्पष्ट येतो. सांध्याशेजारी काजळीचे काळे ओघळ दिसत असतील, तर वेगळ्या पुराव्याची गरजच उरत नाही.

खात्री करण्याची आणखी एक पद्धत आहे. इंजिन पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या मागच्या नळीतून व्हॅक्युम क्लीनरच्या फुंकणाऱ्या बाजूने हवा सोडावी आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर साबणाचे पाणी टाकावे. फट असेल तेथे फुगे येतात. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्याचीच ही रीत. मात्र ही किंवा कोणतीही तपासणी बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून कधीही करू नये.

आवाजापेक्षा मोठा धोका

गळतीमुळे गाडीची ओढ थोडी कमी होते. टर्बो असलेल्या गाडीत ती बरीच कमी होते, कारण टर्बाइन फिरवणारा दाबच मध्ये निसटतो. पण खरा प्रश्न ओढीचा नाही, आत बसलेल्या माणसांचा आहे.

एग्झॉस्टच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो आणि शरीराला प्राणवायू मिळणे कमी होते. आधी डोकेदुखी, मळमळ, चक्कर. मग झापड आणि पुढे बेशुद्धी असा त्याचा क्रम असतो. पेट्रोल इंजिनात हा वायू बऱ्याच प्रमाणात तयार होतो. डिझेलमध्ये तो कमी असतो, पण म्हणून डिझेलचा धूर निरुपद्रवी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या घटकांच्या गटात केला.

सायलेन्सरची नळी धूर गाडीच्या मागे सोडते. मॅनिफोल्डपाशी गळती असेल तर तोच धूर बॉनेटखाली, चालकाच्या पायांपुढे सुटतो. जुन्या जीपच्या फायरवॉलमध्ये क्लच, स्टिअरिंग आणि वायरींसाठी असलेली छिद्रे, निघून गेलेली रबरे यांतून तो थेट आत येतो. पावसात चारी बाजूंनी पडदे बंद असतात. गाडीत दहा-बारा माणसे दाटीने बसलेली. घाटात कुणाला मळमळले तर ‘वळणांमुळे गाडी लागली’ असे समजून लिंबू पुढे केले जाते. ते बहुतेक वेळा खरेही असते. पण रोज ये-जा करणाऱ्या, कधीही गाडी न लागणाऱ्या माणसाला डोकेदुखी होत असेल, मोकळ्या हवेत उतरल्यावर ती थांबत असेल आणि बॉनेटखालून टकटक येत असेल, तर संशय घ्यायलाच हवा. अशा वेळी गाडी थांबवून सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत आणावे. कुणाला झापड येत असेल तर डॉक्टरांकडे न्यावे. मागचा पडदा तेवढा उघडा ठेवणे हा उपाय नव्हे. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या उघड्या भागातून उलट धूर आत ओढला जातो.

दुसरा धोका आगीचा. फटीतून निघणारा तप्त झोत जवळच्या वायरीवर, डिझेलच्या रबरी नळीवर किंवा ब्रेकच्या पाइपवर सतत पडत राहिला, तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट पीयूसी प्रमाणपत्राची. धुराची तपासणी सायलेन्सरच्या शेवटी होते. मध्येच गळती असेल तर काही धूर तेथवर पोहोचत नाही, आणि गळतीच्या जागेतून काही क्षणी बाहेरची हवाही आत ओढली जाते. परिणामी तपासणीतला आकडा फसवा येऊ शकतो. कागद स्वच्छ आणि गाडीतील हवा विषारी, अशी ही विसंगती असते.

एक गाडी, दोन प्रकारचे पाने

काम हाती घेण्यापूर्वी गाडीत कोणते इंजिन आहे ते पाहणे आवश्यक ठरते. १९४५मध्ये ‘महिंद्र अँड महंमद’ या नावाने सुरू झालेल्या आणि १९४८मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालेल्या कंपनीने विलीज जीप भारतात जोडण्यास आरंभ केला. पुढे अनेक वर्षे या जीपमध्ये २.२ लिटरचे ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन होते. त्याची रचना काहीशी वेगळी आहे. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे एग्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडला नव्हे, ब्लॉकच्या कुशीला जोडलेला असतो. १९८०च्या दशकात आलेल्या ‘एमएम ५४०’सारख्या गाड्यांत प्यूजो कंपनीच्या रचनेचे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन बसवले गेले. पुढे कमांडर, मार्शल, आर्मडा यांसारख्या गाड्यांतून वेगवेगळी डिझेल इंजिने आली.

या इतिहासाचा परिणाम पाने वापरताना जाणवतो. अमेरिकी वंशाच्या जुन्या सांगाड्यावर इंची मापाचे नट-बोल्ट आणि फ्रेंच रचनेच्या इंजिनावर मेट्रिक मापाचे, अशी सरमिसळ अनेक जुन्या गाड्यांत आढळते. त्यात तीस-चाळीस वर्षांत अनेक हातांनी मिळेल तो नट लावलेला असतो. ‘जवळपास बसतो’ अशा पान्याने गंजलेला नट सोडवायला गेले की त्याचे कोपरे झिजतात आणि अर्ध्या दिवसाचे काम दोन दिवसांचे होते. शिवाय एकाच नावाच्या जीपमध्ये मूळ इंजिन बदलून दुसरे बसवलेले असू शकते. म्हणून पॅकिंग विकत घेताना गाडीचे नाव सांगण्यापेक्षा इंजिनाचा क्रमांक आणि शक्य असेल तर जुना नमुना घेऊन जाणे शहाणपणाचे.

काम कसे करावे?

पहिली अट इंजिन पूर्ण थंड असण्याची. संध्याकाळी घाट उतरून आलेल्या गाडीचे काम त्याच रात्री काढू नये. आदल्या रात्री सर्व स्टडच्या आट्यांवर गंज सैल करणारे तेल सोडावे आणि सकाळी पुन्हा एकदा सोडावे. सपाट जागी गाडी उभी करून चाकांना अडण लावावी आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. स्टार्टर किंवा डायनॅमोची जाड वायर अनेकदा मॅनिफोल्डच्या आसपासच असते. तिला पाना टेकला तर मोठी ठिणगी पडते.

त्यानंतर एअर क्लीनर, त्याचा पाइप आणि उष्णतारोधक पत्रा काढून जागा मोकळी करावी. काही इंजिनांत इनटेक आणि एग्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला असतात आणि काही नट दोघांनाही समाईक असतात. तेथे दोन्ही उतरवावे लागतात आणि दोन्ही पॅकिंग नवी लागतात. मग मॅनिफोल्डला जोडलेला सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडवावा. हा पाइप लोंबकळत न ठेवता तारेने बांधून ठेवावा.

नट सोडवताना बाहेरच्या टोकांपासून मध्याकडे यावे आणि सर्व नट थोडे-थोडे सैल करावेत. सहा कोनी गोटी पाना वापरावा. बारा कोनी पाना गंजलेल्या नटावरून घसरतो. नट हलत नसेल तर त्याच्यावर लांब पाइप घालून जोर करण्याचा मोह टाळावा. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने, पुन्हा तेल, पुन्हा मागे-पुढे, अशा सबुरीनेच तो सुटतो. तरीही अडला तर अनुभवी मेकॅनिक गॅसच्या ज्योतीने नट तापवतात. तापलेला नट फुगतो आणि त्याची गंजाची पकड सुटते. पण इंधनाच्या नळ्या आणि तेलाने माखलेले भाग शेजारी असताना हे काम घरी करण्यासारखे नाही. ज्योतीपूर्वी तेल पुसून काढणे आणि हाताशी अग्निशामक ठेवणे हे गॅरेजमध्येही अनिवार्य मानावे.

स्टड तुटला तर

जुन्या गाडीत एखादा तरी स्टड तुटणार, हे गृहीत धरूनच काम सुरू करावे. त्याचा थोडा भाग बाहेर राहिला असेल तर त्यावर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून आतल्या नटाला पाना लावला जातो. एवढे आटे उरले नसतील तर त्यावर नवा नट वेल्ड करतात. वेल्डिंगची उष्णता गंज फोडते आणि बरेचदा स्टड सहज फिरून येतो. स्टड अगदी पृष्ठभागाशी तुटला असेल तर मात्र बरोबर मध्यबिंदूवर पंच मारून ड्रिल करावे लागते. येथे ड्रिल मिलिमीटरभर जरी एका बाजूला गेले, तरी हेडमधील आटे कायमचे बिघडतात. मग मोठे भोक करून त्यात नवे आटे बसवावे लागतात. हे काम लेथ आणि ड्रिल चालवणाऱ्या कुशल टर्नरचेच.

काही इंजिनांत एखादा स्टड थेट पाण्याच्या मार्गात उतरलेला असतो. तो निघाला की रेडिएटरचे पाणी वाहू लागते. घाबरण्याचे कारण नाही; मात्र नवा स्टड बसवताना त्याच्या आट्यांना सीलंट लावण्याचे विसरू नये.

तुटलेला स्टड तसाच सोडून ‘उरलेल्या सातांवर चालेल’ असे म्हणणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारी तडजोड आहे. त्या जागी दाब नसल्याने नवे पॅकिंग तेथेच जळते आणि हळूहळू वायूच्या झोताने हेडचा पृष्ठभागही खरवडला जातो.

सफाई आणि सपाटी

मॅनिफोल्ड निघाल्यावर हेडच्या भोकांत स्वच्छ फडके घालावे, म्हणजे काजळीचे खडे व्हॉल्व्हपर्यंत जाणार नाहीत. पितळी किंवा लाकडी खरवडणीने जुन्या पॅकिंगचे अवशेष काढावेत. हेड अॅल्युमिनियमचे असेल तर पोलादी छिन्नी त्याला ओरखडे पाडते.

येथे एक गंभीर सूचना आवश्यक आहे. जुन्या काळातील पॅकिंगमध्ये तांब्याच्या किंवा पोलादाच्या पातळ पत्र्यांमध्ये अॅस्बेस्टॉस भरलेले असे. त्याचे बारीक तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास अनेक वर्षांनी कर्करोगासह असाध्य विकार होऊ शकतात. गाडी तीस वर्षांची असेल आणि पॅकिंग मूळचे असल्याचा संशय असेल, तर ते कोरडे खरवडू नये, सँडपेपरने घासू नये आणि कॉम्प्रेसरच्या हवेने तर मुळीच उडवू नये. पाण्याने ओले करून, योग्य मास्क लावून काढावे आणि अवशेष पिशवीत बंद करावेत. गॅरेजमध्ये हे काम बहुधा पोरसवदा हेल्परकडे सोपवले जाते. त्याच्यापुढे चाळीस वर्षांचे आयुष्य असते, याचे भान मालकाने ठेवायला हवे. आजची पॅकिंग ग्रॅफाइट आणि पोलाद किंवा अनेक पदरी पोलादाची असतात. त्यांत हा धोका नाही.

सफाईनंतर मॅनिफोल्डवर पोलादी सरळपट्टी आडवी धरून तिच्याखाली फिलर गेजची पाती सरकवून पाहावी. वर्षानुवर्षे तापून-निवून मॅनिफोल्ड धनुष्यासारखा वाकतो. किती वाक चालेल ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असते. साधारणपणे मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांहून अधिक वाक असेल तर तो मशीनवर सपाट करून घ्यावा लागतो. वाकडा मॅनिफोल्ड नटांच्या जोरावर सरळ बसवला, तर एक तर स्टड तुटतो किंवा मॅनिफोल्डला तडा जातो. तडे शोधण्यासाठी तो घासून स्वच्छ करावा आणि दोन नळ्यांच्या बेचक्यात नीट पाहावे. ओतीव लोखंडाचे वेल्डिंग करण्यासाठी ते आधी तापवून नंतर सावकाश निववावे लागते. घाईत मारलेला टाका पहिल्याच घाटात उघडतो.

नवे पॅकिंग बसवताना

नवे पॅकिंग प्रथम हेडवर धरून सर्व भोके जुळतात का ते पाहावे. वायूच्या भोकात पॅकिंगची कड डोकावत असेल तर ते त्या इंजिनाचे नाही. काही पॅकिंगना विशिष्ट बाजू मॅनिफोल्डकडे ठेवावी लागते. ते कोरडेच बसवायचे असते. त्याला सिलिकॉन फासण्याची पद्धत सर्रास दिसते, पण सामान्य सिलिकॉन या तापमानात टिकत नाही. ते जळून तेथे फट उरते आणि ‘पॅकिंग खराब निघाले’ असा दोष दुकानदाराच्या माथी मारला जातो.

नट नवेच घ्यावेत. तांब्याचा मुलामा दिलेले किंवा पितळी नट गंजत नाहीत आणि पुढच्या वेळी सहज निघतात. आवळण्याचा क्रम सोडण्याच्या नेमका उलट असतो. मध्यापासून सुरुवात करून आलटून-पालटून दोन्ही टोकांकडे जावे. सारा जोर एकदम न लावता तीन फेऱ्यांत आवळावे. टॉर्क रिंच असेल तर उत्तम. आठ मिलिमीटरच्या स्टडसाठी साधारणपणे २० ते २५ न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे दोन ते अडीच किलोग्रॅम-मीटर इतका टॉर्क पुरतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधीलच घ्यावा. हा जोर वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. आट्यांना ग्रीस किंवा तत्सम लेप लावला असेल तर त्याच टॉर्कला स्टडवर अधिक ताण येतो, हेही ध्यानात ठेवावे.

‘जितके घट्ट तितके चांगले’ ही समजूत येथे घातक आहे. तापल्यावर मॅनिफोल्डला थोडे सरकू द्यावेच लागते. काही मॅनिफोल्डच्या टोकांची भोके मुद्दाम लांबट ठेवलेली असतात ती त्यासाठीच. नट अतिरेकी आवळून त्याचे सरकणे बंद केले, तर ते बळ स्टड तोडून किंवा मॅनिफोल्ड तडकवून वाट काढते.

शेवटी पुढचा पाइप नव्या पॅकिंगसह जोडावा. आधी हँगर बसवून पाइपचे वजन त्यांच्यावर येऊ द्यावे आणि मगच त्याचे नट पूर्ण आवळावेत. पाइप ओढून-ताणून जोडला तर तोच ताण मॅनिफोल्डवर कायम राहतो.

पहिली फेरी

इंजिन मोकळ्या जागेत सुरू करावे. पहिली काही मिनिटे सांडलेले तेल जळून थोडा धूर येतो. तो आपोआप थांबतो. आवाज ऐकावा, पुन्हा नळी फिरवून पाहावी. त्यानंतर वीसेक किलोमीटरची फेरी मारून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि पॅकिंगच्या उत्पादकाने तसे सांगितले असेल तर सर्व नट त्याच क्रमाने त्याच टॉर्कला पुन्हा तपासावेत. गरम इंजिनावर नट आवळण्याची घाई करू नये. आठवड्याभराने पुन्हा एकदा बॉनेट उघडून काजळीचा नवा ओघळ नाही ना, एवढे पाहावे.

या सगळ्या कामात पॅकिंगची किंमत सर्वांत कमी असते. खर्च होतो तो वेळ आणि मजुरीचा, आणि दुरुस्ती जितकी लांबवावी तितका तो वाढत जातो. आज पॅकिंग, सहा महिन्यांनी स्टड, वर्षाने मॅनिफोल्ड, असा तो चढता क्रम आहे. म्हणून पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात वायपर आणि ब्रेक पाहताना मॅनिफोल्डचा सांधाही पाहून घेणे सोयीचे ठरते.

कशेडीच्या डोंगरातून बोगदा झाल्यापासून मुंबई-गोवा महामार्गावरील बरीच वाहतूक घाटाऐवजी बोगद्यातून जाते. नव्या गाड्यांतील प्रवाशांना बॉनेटखालचा आवाज ऐकूही येत नाही. पण मुख्य रस्ता सोडून वाडीकडे वळणाऱ्या कच्च्या वाटेवर अजून जुनी जीपच चालते. तिच्या मागच्या बाकावर शाळेतून परतणारी मुले असतात, महाडच्या दवाखान्यातून घरी निघालेली म्हातारी माणसे असतात. पडदे ओढलेले असतात आणि बाहेर पाऊस कोसळत असतो. बॉनेटखालची टकटक त्यांनाही ऐकू येते, पण तिचा अर्थ त्यांना ठाऊक नसतो. तो चालकाला ठाऊक असायला हवा.